शाळेच्या फाटकाबाहेरच्या दुचाक्या

विद्यार्थ्यांना आवारात दुचाकी आणण्यास मनाई असल्याचा फलक गोव्यातील अनेक विद्यालयांच्या फाटकावर आढळतो. या फलकामुळे दुचाकी घरी राहत नाही. ती शंभर पावले अलीकडे, कुणाच्या कुंपणालगत किंवा देवळाच्या प्रांगणात उभी राहते. नियम पाळल्याचे समाधान शाळेला मिळते. अडलेली पायवाट, कर्कश हॉर्न आणि सुसाट वेग मात्र वाड्यावरील वृद्धांच्या आणि लहानग्यांच्या वाट्याला येतो.

कायदा याबाबत मुळीच सौम्य नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मधील दुरुस्तीने कलम १९९-अ आले. अल्पवयीनाकडून वाहनविषयक गुन्हा घडल्यास पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. 'सोळाव्या वर्षी परवाना मिळतोच' हा पालकांचा नेहमीचा बचाव. पण ती सवलत ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीपुरती आहे. घरोघरी दिसतात त्या स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या. ही सवलत आता जवळजवळ कागदावरच उरली आहे.

तरीही पालक चावी देतात, ते केवळ लाडापोटी नव्हे. बालरथ शाळा सुटताच निघतो. खेळाचा सराव किंवा शिकवणीसाठी मागे राहिलेल्या मुलाला आतल्या गावाकडची बस सायंकाळी मिळेलच, याची शाश्वती नसते. आईवडील दोघेही नोकरीला. घरातली स्कूटर हाच मग सोपा मार्ग ठरतो, आणि हेल्मेट बहुधा हँडलला लटकलेले असते! चार वर्षांवरील प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, ते बंधनकारक आहे.

वाहतूक पोलिसांची व्याख्याने शाळांतून होतात आणि ती व्हायलाच हवीत. परंतु सरावाची वेळ आणि शेवटच्या बसची वेळ यांचा मेळ व्याख्यानाने बसत नाही. त्यासाठी पालक-शिक्षक संघ, पंचायत, कदंब महामंडळ आणि खासगी बसमालकांना एकत्र बसावे लागेल. शाळेशेजारच्या रहिवाशांनाही त्या बैठकीत स्थान हवे. मुलांच्या वर्तनाची झळ त्यांनाच आधी लागते. हे न करता केवळ दंडाची मोहीम उघडली, तर दुचाक्या आणखी शंभर पावले मागे सरकतील.