आई म्हणते, हुआ हिनला राहते

इमारत पुनर्विकासाला गेली की घरातल्या ज्येष्ठांपुढे एक प्रश्न येतो: नवं घर होईपर्यंतची तीन-चार वर्षं राहायचं कुठे? बिल्डर भाडं देतो, पण त्या भाड्यात त्याच गल्लीत, लिफ्ट असलेल्या इमारतीत जागा मिळेलच असं नाही. आमच्या ओळखीच्या एका काकूंवर हीच वेळ आली. बँकेतून निवृत्त, वय एकाहत्तर, यजमान गेलेले. एकदा रात्री जेवताना त्यांनी सांगून टाकलं की भाड्यानेच राहायचं असेल तर त्या थायलंडमध्ये समुद्रकाठच्या हुआ हिनला राहतील. मैत्रिणींबरोबर तिथे सहलीला गेल्या होत्या, गाव आवडलं होतं. मुलगा हसला. सून म्हणाली, "आई, तिथे तुम्हाला पोळी कोण करून देणार?" काकूंनी ताट उचललं आणि नंतर बरेच दिवस विषयच काढला नाही.

मुलाने हसायला नको होतं. त्या वयात स्वतःहून काही नवं करावंसं वाटतं याचं खरं तर कौतुक करायला हवं. आपण मात्र ते लगेच खूळ ठरवतो. नाहीतर अमेरिकेतला धाकटा फोनवरून म्हणतो, "जाऊ दे ना तिला, पैसे मी पाठवतो," आणि विषय तिथेच संपतो. दोन्ही वेळा आईशी धड बोलायचं राहूनच जातं.

असा विषय तुमच्या घरात निघाला तर माझं सांगणं एवढंच: नाही म्हणू नका आणि घाईने हो म्हणून सामानही बांधू नका. त्यांना तिथे राहून बघू द्या, पण वर्षातल्या सगळ्यात गैरसोयीच्या महिन्यात आणि इथलं काहीही न मोडता.

त्याआधी समुद्राच्या मागे काय दडलंय ते विचारून घ्या. पुष्कळदा खरी अडचण वेगळीच निघते. चौथ्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या असतात, नवरा गेल्यावर रिकामी झालेली संध्याकाळ असते. सगळ्यात जास्त वेळा मुलाच्या घरी पाहुणी म्हणून राहायचं नसतं. हे आई तोंडाने सांगणार नाही, कारण सुनेला वाईट वाटेल. तेवढंच असेल तर त्याच उपनगरात तळमजल्यावरची भाड्याची जागा आणि चालत जाण्याच्या अंतरावर जुना कट्टा, एवढ्याने काम भागतं. परदेश कशाला हवा?

पण खरंच समुद्रच हवा असेल, तर पुढचा प्रश्न हमखास येतो: मग दापोली का नको? गुहागर, मुरुड, सगळं आपलंच. मासळी आपली, भाषा आपली. खरंय. तरी छातीत कळ आली तर अँजिओप्लास्टी करू शकेल असं रुग्णालय तिथून किती तासांवर आहे, ते आधी नकाशावर बघा, आणि पावसाळ्यात घाटातून तो प्रवास कसा होतो तेही आठवा. या एका मुद्द्यावर हुआ हिन कोकणापेक्षा उजवं ठरतं. गावातच बँकॉकच्या मोठ्या खासगी रुग्णालयाची शाखा आहे, सरकारी रुग्णालय आहे, आणि बँकॉक मोटारीने सुमारे तीन तासांवर आहे. मुंबई-बँकॉक विमान साडेचार तासांच्या आसपास घेतं. थायलंडचं घड्याळ दीड तास पुढे, म्हणजे संध्याकाळी फोन केलात तर आई अजून झोपलेली नसेल.

गाव तसं जुनं. थायलंडच्या आखाताच्या काठावर, बँकॉकच्या दक्षिणेला सुमारे 200 किलोमीटर. 1920 च्या दशकात सातवा राम या थाई राजाने इथे उन्हाळी महाल बांधला. 1932 साली बँकॉकमध्ये सत्तांतर झालं, तेव्हा राजा याच गावात सुट्टीवर होता. आज युरोपातले कितीतरी निवृत्त लोक इथे मुक्कामाला असतात, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला भाड्याने घर देणं ही तिथल्या घरमालकांना नवलाची गोष्ट वाटत नाही. समुद्र बहुतेक वेळ शांत असतो. मात्र भरतीला किनाऱ्याचा बराच भाग पाण्याखाली जातो आणि सकाळचं फिरणं भरतीच्या वेळापत्रकाप्रमाणे पुढे-मागे करावं लागतं.

सहलीत जे दिसत नाही ते रोजच्या जगण्यात दिसतं. गावाच्या मधोमध पेतकासेम हा मोठा महामार्ग जातो. समुद्र त्याच्या एका बाजूला आणि स्वस्त घरं बरीचशी दुसऱ्या बाजूला, म्हणजे दूध-भाजी आणायची तरी दिवसातून एकदा भरधाव मोटारसायकली चुकवत तो ओलांडायचा. पदपथ उंच-सखल, मध्येच विजेचा खांब, मध्येच झोपलेला कुत्रा. गावात आणि खाओ ताकियाबच्या टेकडीकडे फिरायला हिरव्या रंगाच्या साँगथेव मिळतात. छोट्या टेम्पोच्या मागे समोरासमोर दोन बाकं टाकलेली असतात आणि चढायला मागच्या बाजूला उंच लोखंडी पायरी असते. भाडं किरकोळ आहे, पण ज्यांचा गुडघा दुखतो त्यांच्या दृष्टीने त्या गावात राहायचं की नाही हे ती पायरीच ठरवते. सहलीत एसी गाडी दारात यायची, त्यामुळे ही पायरी त्यांनी पाहिलेलीच नसते.

म्हणून राहून बघायचं ते ऑक्टोबरात. हुआ हिनचा मुख्य पाऊस आपला ओसरल्यानंतर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला पडतो. डिसेंबर-जानेवारीत गेलेला माणूस त्या गावाच्या प्रेमात पडूनच परत येतो, त्यामुळे त्याचं मत धरू नका. ऑक्टोबरात बाजार अर्धा ओला असतो, कपडे वाळत नाहीत आणि संध्याकाळ घरात काढावी लागते. शिवाय दसरा-दिवाळी त्याच सुमाराला येते. परक्या गावात, बाहेर पाऊस पडत असताना, एकटीने पणती लावून कसं वाटतं हे कळल्याशिवाय तीन वर्षांचा निर्णय घेऊ नये. निदान महिनाभर राहू द्या, हॉटेलात नको, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. पहिल्या चार दिवसांसाठी घरातलं कोणीतरी बरोबर जावं आणि मग परत यावं. परत येणं महत्त्वाचं; तुम्ही शेजारी असताना त्यांना काहीच कळणार नाही. ही फेरी पर्यटक म्हणूनच करायची. व्हिसामुक्त मुक्कामाची मुदत सरकार वरचेवर बदलतं, म्हणून तिकीट काढण्याआधी मुंबईतल्या थायलंडच्या वाणिज्य दूतावासाकडून खात्री करून घ्या. प्रवासविम्याच्या अर्जात मधुमेह, रक्तदाब, स्टेंट सगळं खरं लिहा. लपवलेला आजारच दावा नाकारायला पुरतो.

आवडलं, तर मग दीर्घ मुक्कामाचा हिशेब. थायलंडचा निवृत्तांसाठीचा परवाना वयाच्या पन्नाशीनंतर मिळतो. त्यासाठी थाई बँकेत 8 लाख बाथ ठेवावे लागतात किंवा दरमहा 65,000 बाथ उत्पन्न दाखवावं लागतं. आपल्या पैशांत ठेव वीस लाखांच्या वर जाते आणि महिन्याचं उत्पन्न दीड लाखांच्या वर. बँकेच्या निवृत्तिवेतनात दुसरी अट बसत नाही, म्हणून बहुतेकांना ठेवीचाच मार्ग उरतो. ही ठेव खर्चाला वापरता येत नाही: अर्जाच्या दोन महिने आधीपासून आणि मंजुरीनंतर तीन महिने ती पूर्ण असावी लागते, उरलेल्या वर्षात 4 लाखांच्या खाली जाता येत नाही. परवाना दरवर्षी वाढवून घ्यायचा आणि दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा. एक गोष्ट लोक हटकून विसरतात. गणपतीला घरी यायचं म्हणून विमानात बसण्यापूर्वी री-एंट्री परमिट घेतलं नाही, तर मुक्कामाची परवानगी तिथल्या तिथे संपते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

इथून पैसे पाठवताना रिझर्व्ह बँकेची मर्यादा आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची आहे, तिची काळजी नको. जाचते ती टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच गोळा केला जाणारा कर. एका आर्थिक वर्षात 10 लाखांच्या वर पाठवलेल्या रकमेवर बँक 20 टक्के आधीच कापते. विवरणपत्र भरल्यावर ते वळतं होतं किंवा परत मिळतं, पण तोवर रक्कम अडकते. मार्च आणि एप्रिल अशा दोन आर्थिक वर्षांत विभागून पाठवली तर बरीचशी कापणी टळते. थायलंडमध्ये वर्षात 180 दिवस राहिलं की तिथे करनिवासी ठरतात, आणि 2024 पासून बाहेरून आणलेलं उत्पन्न तिथल्या कराच्या कक्षेत येऊ शकतं. इकडे मुक्काम लांबला तर बचत खातं अनिवासी खात्यात बदलावं लागतं. म्हणून पोस्टातल्या आणि बँकेतल्या ठेवींची यादी घेऊन, जाण्याआधी एकदा आपल्या सीएसमोर बसा. निवृत्तिवेतनासाठी नोव्हेंबरात लागणारा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. ते इथे असतानाच एकदा करून घ्या.

घर घेण्याच्या फंदात मात्र पडू देऊ नका. परदेशी माणसाच्या नावावर थायलंडमध्ये जमीन होत नाही. कॉन्डोमिनियममध्ये फ्लॅट घेता येतो, पण इमारतीच्या 49 टक्के क्षेत्रापर्यंतच. 'तीस वर्षांचा भाडेपट्टा म्हणजे मालकीच समजा' असं सांगणारा एजंट गोड बोलतो. एकाहत्तराव्या वर्षी तीस वर्षांचा पट्टा घ्यायला सांगणाऱ्याला चहा पाजावा आणि निरोप द्यावा.

आता उपचार आणि औषधं. आपल्याकडच्या आरोग्य विम्याच्या पॉलिसी सहसा भारतातल्याच उपचारांना लागू असतात. तिकडे नवी पॉलिसी सत्तरीनंतर महाग मिळते आणि जुने आजार वगळून मिळते. म्हणजे विम्याबरोबर रोख आपत्कालीन पैसा वेगळा हवा, आणि मुलांनी तो आपल्या नावावर तयार ठेवायला हवा, कारण खासगी रुग्णालयात दाखल करतानाच आगाऊ रक्कम किंवा हमी मागतात. घरातला गोळ्यांचा डबा उघडून बघा. झोपेची अल्प्राझोलम, पाठदुखीवरची ट्रामाडॉल असलेली गोळी, या आपल्याकडे कितीतरी घरांत सापडतात. थायलंडमध्ये त्यांच्यावर कडक निर्बंध आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी, मूळ औषधाच्या नावासकट, जवळ ठेवावी आणि दीर्घ मुक्कामाआधी पर्यायी औषधाबद्दल डॉक्टरांशी बोलावं. तिथला रुग्णवाहिकेचा नंबर 1669 आहे. तो त्यांच्या फोनमध्ये तुमच्या हाताने टाका आणि घराचा पत्ता थाई लिपीत छापून फ्रिजवर लावा.

पोळीचा प्रश्न सुनेने विचारला होता. तो वाटतो तितका अवघड नाही. कणीक मिळते, डाळ मिळते. कठीण आहे ते बाहेर खाणं, कारण भाजीतसुद्धा माशाचा सॉस, म्हणजे नामप्ला घालतात आणि त्याला कोणी मांसाहार समजत नाही. ज्यांना चालत नाही त्यांनी पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात 'जे' लिहिलेली दुकानं शोधावीत. तिथे मांस, मासळी, अंडं तर नाहीच, पण कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्या आजीबाईंची तिथे सोय होईल. फक्त दूध-दहीही नसतं, त्यामुळे चहा घरीच करायचा.

इथल्या घराचं काय, हा पुनर्विकासातल्यांसाठी सगळ्यात नाजूक भाग. कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार नोंदवून झाल्याशिवाय आईला हलू देऊ नका. मधल्या काळात सोसायटीच्या सभा होतील, भाड्याचे चेक येतील, पुढे ताबापत्रावर सही लागेल. त्यासाठी विश्वासातल्या माणसाच्या नावे कुलमुखत्यारपत्र जाण्याआधीच दुय्यम निबंधकांकडे नोंदवा. तिकडून करायचं म्हटलं तर भारतीय दूतावासात खेटे घालावे लागतात. आणि ते सरसकट देऊ नका. सही कशाकशावर करता येईल हे नेमकं लिहा. विकण्याचा अधिकार त्यात नसावा. मुलगा विश्वासू असला तरीही. जुनं घर मोडताना बिछाने, भांडी, देव्हारा असं दोन खोल्यांपुरतं सामान मात्र कुठेतरी ठेवून द्या, म्हणजे मध्येच परतायचं ठरलं तर उंबरठ्यावर रिकाम्या हाताने उभं राहावं लागणार नाही.

एक बोलणं कोणी काढत नाही. तिकडे काही झालं तर? दहनाची अडचण येत नाही, बौद्ध देश आहे, देवळांच्या आवारातच सोय असते. पण देह इथे आणायचा की नाही, कोणी यायचं, कोणासाठी थांबायचं, हे आईलाच विचारा आणि तिच्याच अक्षरात लिहून घ्या. तिला विचारायला तुम्ही जितके घाबरता तितकी ती उत्तर द्यायला घाबरत नाही. बहुधा तिने आधीच ठरवलेलं असतं. इच्छापत्र झालेलं नसेल तर त्याच आठवड्यात करून टाका.

ऑक्टोबरातल्या त्या महिन्यात रोज फोन कराल तेव्हा "कसं वाटतंय?" असं विचारू नका. मुलांना काळजी नको म्हणून उत्तर "छान" असंच येणार. त्यापेक्षा आज कोणाशी बोललीस, साँगथेवमध्ये चढताना कोणी हात दिला का, पाऊस लागला तेव्हा कुठे थांबलीस, रस्ता किती वाजता ओलांडलास, काल जेवायला काय केलंस, असं विचारा. भावंडांनी वेगवेगळ्या दिवशी विचारावं आणि उत्तरं एकमेकांना कळवावीत. चौथ्या आठवड्यात शेजारणीचं नाव, भाजीवालीची तक्रार आणि फार्मसीतल्या मुलीची गोष्ट आपोआप येऊ लागली, तर परवान्याच्या कागदांना लागा. सगळी उत्तरं टीव्हीवरच्या मालिकांबद्दल येत असतील, तर परतीचं तिकीट आहे त्याच तारखेचं ठेवा आणि इथे तळमजल्यावरची जागा बघायला सुरुवात करा.