निकालानंतरचे तीस दिवस

व्यापारी कुटुंबाचा फौजदारी न्यायालयाशी संबंध येतो तो बहुधा न वटलेल्या चेकमुळे. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खालील खटला पन्हाळ्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर चालला आणि शिक्षा झाली, तर घरात प्रथम लोकलज्जेची चिंता सुरू होते. आप्तांचे सल्ले घेण्यात दोन आठवडे निघून जातात. कायद्याची मोजणी मात्र त्यापूर्वीच सुरू झालेली असते.

मुदतीच्या कायद्यानुसार, म्हणजे १९६३ च्या लिमिटेशन ॲक्टनुसार, दंडाधिकाऱ्यांनी दिलेल्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात अपील करण्यास ३० दिवस मिळतात. पन्हाळ्यातील निकालासाठी हे अपील कोल्हापूरला दाखल होते. सत्र न्यायालयाने स्वतः खटला चालवून शिक्षा दिली असेल, तर उच्च न्यायालयात जाण्यास ६० दिवस असतात. फाशीच्या शिक्षेत मात्र ३० दिवसच. सत्र न्यायालयाने अपील फेटाळल्यास उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्जासाठी ९० दिवसांची मुदत आहे.

हा अर्ज आता मुंबईस न्यावा लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात काम करू लागले असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. अंतर घटले, मुदत मात्र तेवढीच राहिली.

दिवस मोजण्याची रीत साधी आहे. निकालाचा दिवस धरला जात नाही. प्रमाणित नकलेसाठी लागलेला काळही वगळला जातो. समजा, निकाल १० जूनला लागला. ३० दिवस १० जुलैला पुरे होतात. नकलेचा अर्ज १४ जूनला दिला व नक्कल २० जूनला तयार झाली, तर हे ७ दिवस वाढून मुदत १७ जुलैपर्यंत जाते. अर्ज देण्यापूर्वी वाया घालवलेले दिवस मात्र परत मिळत नाहीत. शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल, तर ते उघडेल त्या दिवशी अपील दाखल करता येते. कारावासाची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत तत्काळ व विनामूल्य मिळते. ती हाती असताना नकलेच्या दिवसांवर विसंबू नये.

मुदत टळल्यास कलम ५ खाली विलंबमाफीचा अर्ज करता येतो. पुरेसे कारण पटले, तरच माफी मिळते. आजारपणाचे कारण असेल तर वैद्यकीय कागद हवेत. ‘हंगामाची गडबड होती’ एवढ्याने काम भागेलच असे नाही.

अपील दाखल होताच शिक्षा आपोआप थांबते, हाही गैरसमज आहे. शिक्षा स्थगित करण्याचा स्वतंत्र अर्ज द्यावा लागतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी जामिनावर असेल, तर अपील दाखल करण्यापुरता जामीन शिक्षा देणारे न्यायालयच देऊ शकते. तो अर्ज त्याच दिवशी द्यावा. शिवाय कलम १४८ नुसार अपील न्यायालय दंड वा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम ६० दिवसांत भरण्याचा आदेश देऊ शकते. त्या रकमेची तजवीज आधीच केलेली बरी.

आरोपी निर्दोष सुटला, तर ज्याचे पैसे अडकले त्या व्यापाऱ्यालाही दाद मागता येते. खासगी तक्रारीच्या खटल्यात उच्च न्यायालयाकडे विशेष परवानगी मागण्यास ६० दिवस आहेत. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेकच्या खटल्यातील तक्रारदाराला ‘पीडित’ मानून अशा परवानगीविना अपिलाचा मार्गही मोकळा केला. कोणता मार्ग धरावा, हे वकिलांना विचारून पहिल्या महिन्यातच ठरवावे.

चेकचा गुन्हा तडजोडीने मिटवता येतो, अगदी अपिलाच्या टप्प्यावरही. क्षमेचा संस्कार असलेल्या समाजात पंचांच्या मध्यस्थीने असे अनेक वाद मिटतात आणि ते योग्यच आहे. परंतु समेटाची बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही. बोलणी फिसकटली आणि तीस दिवसही गेले, तर दोन्ही वाटा अवघड होतात. म्हणून अपील वेळेत दाखल करावे आणि बोलणी त्यानंतरही मोकळ्या मनाने चालू ठेवावीत. समेट झाला, तर दाखल केलेले अपील त्याच्या आड येत नाही.