गॅरेजमध्ये बसलेला मुलगा अडाणी नाही

'मुसलमानांना शिक्षणाची आवडच नाही' हे वाक्य ऐकून कान किटले आहेत. कधी ते बाहेरचे बोलतात, कधी आपल्याच जलशात व्यासपीठावरून ऐकू येते. दोघांचेही निदान चुकीचे आहे.

आधी मदरशांचे. शाळेच्या वयाची जेमतेम तीन-चार टक्के मुस्लीम मुले मदरशात जातात, हे सच्चर समितीने २००६ मध्येच सांगितले. तरी गळतीचे खापर मदरशावरच फुटते.

नववीतला मुलगा शाळा सोडून गॅरेजमध्ये का बसतो? कारण तो आणि त्याचे अब्बा हिशेब करतात, आणि तो हिशेब गल्लीत शिकलेला असतो. समोरच्या घरातला बी.ए. झालेला मुलगा रिक्षा चालवतो, तर आठवीत शाळा सोडलेल्या मिस्त्रीचे स्वतःचे दुकान आहे. कोणताही बाप यातून काय शिकेल?

हा धडा निव्वळ भ्रमही नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते, फक्त नावे वेगळी. मुस्लीम नावांना प्रतिसाद कमी मिळाला. २०१४ मध्ये राज्याने वटहुकूम काढून पाच टक्के आरक्षण दिले. त्यातील शिक्षणाच्या भागाला उच्च न्यायालयाने स्थगिती दिली नाही, तरी वटहुकुमाची मुदत संपली आणि सरकारने कायदा केला नाही. समाज यातूनही शिकतो.

पण या शिकण्यात एक खोट आहे, आणि ती आपली आहे. शिकून ज्याचे बरे झाले, तो मोहल्ला सोडून जातो. मागे दिसतो तो फक्त फसलेला पदवीधर. अर्ज केलाच नाही, तर नकार मिळाला असता की नोकरी, हेही कधी कळत नाही. जुना धडा तसाच पुढच्या पिढीकडे जातो.

म्हणून भाषणे थांबवा. सरकारने नोकरभरतीतला भेदभाव रोखावा आणि शिष्यवृत्ती वेळेवर द्यावी. आणि मोहल्ला सोडून गेलेल्या डॉक्टर, इंजिनिअर, वकील भावांनो, बहिणींनो, महिन्यातून एक रविवार परत या. सत्कार घ्यायला नको. नववीच्या मुलासमोर आणि त्याच्या अब्बांसमोर बसा. फी किती लागली, किती वर्षे गेली, किती नकार आले, आज पगार किती, सगळे खरे सांगा. हिशेब त्यांना येतो. त्यांच्याकडे आकडे अर्धेच आहेत.