वाहकाची भाषा, प्रवाशाचा हक्क

२०२५ च्या फेब्रुवारीत बेळगावजवळ बसमध्ये भाषेवरून वाद होऊन वाहकाला मारहाण झाली. पाठोपाठ चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एस.टी. चालकाला काळे फासण्यात आले आणि दोन राज्यांमधील बससेवा खंडित झाली. श्रमिकावर हात टाकणे हा मराठी बाणा नव्हे, हे आम्ही आरंभीच बजावून सांगतो.

परंतु दोन भाषांमुळेच सेवा मोडते, असे म्हणणाऱ्यांनी निपाणीचा बाजार पाहावा. तेथे एकाच तराजूवर मराठी आणि कानडी दोन्ही चालतात, कारण दुकानदाराला गिऱ्हाईक गमावून परवडत नाही. सरकारी खिडकीला ती भीती नाही. प्रवाशाला दुसरी खिडकी नसते! म्हणूनच जे बाजारात गरजेने घडते, ते कचेरीत नियमाने घडवावे लागते.

हा नियम काही नवा नव्हे. जेथे अल्पसंख्य भाषिक १५ ते २० टक्के असतील, तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, असे केंद्र सरकारने १९५६ सालीच राज्यांना सुचविले होते. मग मराठी न येणाऱ्या वाहकाला मराठी गावांच्या मार्गावर धाडायचे आणि भडका उडाला की दोष त्याच्या किंवा प्रवाशाच्या माथी मारायचा, हा कोणता न्याय?

आमची मागणी साधी आहे. सीमाभागातील बसवर दोन्ही लिपींत फलक लावा. दोन्ही भाषा शिकणाऱ्या वाहकाला भत्ता द्या. जत-अक्कलकोटच्या कानडी प्रवाशालाही महाराष्ट्राने हेच द्यावे. तिकिटाचे पैसे दोघेही सारखेच मोजतात!