राजाचा पुतळा, बेचाळीस हजार काडतुसे आणि साच्यातील काजळी

९ जुलै १७७६. न्यूयॉर्कमधील बोलिंग ग्रीन. स्वातंत्र्याचा जाहीरनामा सैनिकांपुढे वाचून दाखवण्यात आला आणि त्याच संध्याकाळी जमावाने राजा तिसरा जॉर्ज याचा अश्वारूढ पुतळा दोर लावून खाली ओढला. पुतळा शिशाचा होता, वरून सोन्याचा मुलामा. पुढे त्या शिशाच्या गोळ्या ओतल्या गेल्या आणि त्या राजाच्याच फौजेसाठी राखल्या गेल्या. ही कथा आपल्यापैकी अनेकांनी वाचलेली असते, पण बहुधा एकाच वाक्यात. त्या वाक्याच्या पोटात जे गाळले जाते त्याविषयी हा धागा आहे. त्यातही एका क्षुल्लक भासणाऱ्या प्रश्नाविषयी: साच्यात ओतलेली गोळी साच्यातून सुटत कशी असे?

प्रश्न ओढूनताणून आणलेला नाही. शिशाच्या गोळ्या स्वतः ओतण्याचा छंद अमेरिकेत आजही जिवंत आहे आणि त्या मंडळींत एक वाद वर्षानुवर्षे चालू आहे. गोळी साच्याला चिकटू नये म्हणून आत गंज सोडवणारे, फटीत झिरपणारे तेल लावावे की लावू नये? काहीजण लावतात आणि त्याची शिफारसही करतात. अनुभवी मंडळींचा मोठा वर्ग मात्र साचा तेलापासून कटाक्षाने दूर ठेवतो. इतिहास लिहिणाऱ्याला या वादाशी काय कर्तव्य, असे वाटेल. माझे मत असे की, कर्तव्य आहे. कारण जुन्या काळातील एखादी कृती कशी होत असे हे ठाऊक नसले की ती रिकामी जागा आपण नकळत आजच्या सोयीने भरतो. ‘साच्याला तेल लावून गोळ्या ओतल्या’ हे वाक्य लिहायला फार सोपे आहे. वाचणाऱ्यालाही ते खटकत नाही.

ते का खटकत नाही, हे आपल्या स्वयंपाकघरात कळते. मोदकाच्या साच्याला आपण तुपाचे बोट फिरवतो, इडलीपात्राला तेल लावतो. साचा म्हटला की स्निग्ध पदार्थ, ही सांगड आपल्या हाताला लहानपणापासून पडलेली असते. पण उकड आणि वितळलेले शिसे यांच्यात एक मोठा फरक आहे. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि ओतताना ते त्याहून बरेच तप्त असावे लागते. त्या उष्णतेत तेलाचा थर टिकत नाही. त्याची वाफ होते, आणि ही वाफ धातू व साच्याची भिंत यांच्यामध्ये सापडते. परिणामी शिसे पोकळीच्या कानाकोपऱ्यात पोहोचत नाही आणि गोळी सुरकुतलेली निघते. वारंवार तेल लावत राहिले तर ते जळून त्याचे तपकिरी, रोगणासारखे कीट आत बसते; म्हणजे ज्या चिकटण्याला उपाय म्हणून तेल घातले, तेच चिकटणे आणखी वाढते.

मुळात शिसे स्वच्छ लोखंडी साच्याला धरून बसत नाही. थिजताना ते किंचित आकसते, त्यामुळे पोकळी गुळगुळीत असेल तर गोळी साचा उघडताच आपोआप खाली पडते. अडकते ती बहुतेक वेळा पोकळीच्या कडेला आलेल्या बारीकशा खरेमुळे, साच्याच्या दोन पाख्या नीट न जुळल्यामुळे किंवा साचा पुरेसा तापलेला नसल्यामुळे. यांपैकी कशावरही तेल हा इलाज नाही. तेलाची जागा साच्याच्या बिजागरीत आहे, पोकळीत नाही.

मग जुने लोक काय करीत? जुनी रीत काजळीची. साचा उघडायचा आणि त्याच्या पोकळीखाली मेणबत्तीची किंवा राळयुक्त लाकडाच्या ढलपीची धुरकट ज्योत धरायची. आत काजळीचा अगदी पातळ, कोरडा थर बसतो. हा थर जळून वाफ होत नाही, धातूला साच्याच्या पृष्ठभागापासून किंचित वेगळे ठेवतो आणि उष्णता जरा सावकाश वाहू देतो, त्यामुळे शिसे थिजण्यापूर्वी पोकळी पूर्ण भरते. कोरड्या पुडीने वेगळेपण साधण्याची ही कल्पना केवळ गोळ्यांपुरती नव्हती. १५४० साली व्हेनिस येथे प्रसिद्ध झालेल्या बिरिंगुच्चो याच्या धातुविद्येवरील ग्रंथात तोफा ओतण्याची जी पद्धत येते, तीत आतला मातीचा नमुना व बाहेरचा मातीचा साचा एकमेकांना धरू नयेत म्हणून मध्ये राखेचा थर देतात. राख काय, काजळी काय, दोन्ही चुलीतून फुकट मिळणाऱ्या वस्तू!

याच्या तुलनेत झिरपणारे तेल हे फार अलीकडचे बाळ. आपल्याकडे कडी-कोयंड्यांचा गंज काढण्यासाठी जी निळी-पिवळी फवारणीची डबी घरोघर असते, ती डब्ल्यूडी-४० कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे १९५३ मध्ये जन्मली. हेतू होता अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या बाह्य आवरणाला गंजापासून वाचवण्याचा. नावातील दोन अक्षरे पाणी हटवण्याचा निर्देश करतात आणि चाळीस हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा. गोळ्या ओतणे तिच्या कामात कधीच बसत नव्हते. तरीही हाताशी असलेली वस्तू माणूस सर्वत्र वापरून पाहतो, हेही खरे.

याचा अर्थ गोळीच्या इतिहासात स्निग्ध पदार्थाला स्थानच नाही असा मात्र नव्हे. ते स्थान नेमके कोठे, एवढाच मुद्दा आहे. शिसे वितळवताना त्यावर राखाडी साय जमते; ती कमी व्हावी म्हणून कढईत चरबीचा किंवा मेणाचा लहानसा तुकडा टाकण्याची रीत होती. ही झाली एक जागा. दुसरी जागा आपल्याला अधिक परिचित आहे, आणि तिथे काय घडले हे भारतातील इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते.

१८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल. तिच्या काडतुसाला लावलेली चरबी. जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडम येथून त्या चरबीविषयीची वार्ता पसरली आणि पुढचे सारे आपण जाणतो. पण ती चरबी कशासाठी होती, असे विचारले तर गडबड होते. गोळी तयार करताना ती लागते, अशी एक समजूत दिसते. तसे नाही. एन्फिल्डची नळी आतून आटे पाडलेली होती. गोळी कागदासकट तोंडातून आत ठासावी लागे. ती सुलभ सरकावी आणि आधीच्या बारांची जळकी राख नळीत घट्ट होऊ नये, म्हणून काडतुसाच्या गोळीकडील टोकाला बाहेरून वंगण असे. साच्याशी त्याचा संबंध नव्हता. किंबहुना त्या काळात इंग्लंडमधील वूलिच येथे रायफलीच्या गोळ्या ओतण्याऐवजी शिशाच्या कांड्या यंत्राने दाबून घडवण्यास प्रारंभ झाला होता. चरबीची जागा नेमकी कळली की सरकारचा पहिला उपायही कळतो: काडतुसे कोरडी द्यावीत आणि वंगण शिपायांनी आपल्या पसंतीचे स्वतः लावावे, अशी मुभा जानेवारीच्या अखेरीस देण्यात आली. वंगण बाहेरचे होते म्हणूनच हे शक्य होते. (ही मुभा का अपुरी पडली हा वेगळ्या धाग्याचा विषय. तोवर संशय चरबीवरून काडतुसाच्या चकचकीत कागदावर सरकला होता.)

आता पुन्हा त्या पुतळ्याकडे. पुतळा जोसेफ विल्टन याने घडवलेला. १७७० मध्ये उभारलेला. वजन सुमारे ४,००० पौंड सांगितले जाते. शिर वेगळे काढले गेले आणि पुढे इंग्रजांच्या हाती लागून इंग्लंडला पोहोचले. उरलेल्या शिशाचा मोठा भाग कनेक्टिकटमधील लिचफील्ड या गावी ऑलिव्हर वोल्कॉट यांच्या घरी गेला. वोल्कॉट हे जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. काम मात्र त्यांच्या घरातील व शेजारच्या स्त्रियांनी आणि मुलांनी केले. वोल्कॉटांनी त्याची टाचणे ठेवली, म्हणून आकडे आपल्यापर्यंत आले. श्रीमती मार्विन ६,०५८. रूथ मार्विन ११,५९२. वोल्कॉटांची मुलगी लॉरा ८,३७८. धाकटी मेरी अ‍ॅन १०,७९०. मुलगा फ्रेडरिक ९३६. श्रीमती बीच १,८०२. इतर व्यक्तींनी मिळून २,१८२. स्थानिक शिबंदीला दिलेली ५० आणि एका पलटणीला दिलेली ३०० धरून एकूण ४२,०८८.

बेरीज करून पाहा, बरोबर येते.

या यादीकडे पाहताना दोन गोष्टी माझ्या मनात येतात. पहिली साधी अंकगणिताची. त्या काळच्या मोठ्या बंदुकीच्या एका पौंडात साधारण चौदा-पंधरा गोळ्या बसत. त्या हिशेबाने ४२,०८८ गोळ्यांना सुमारे २,९०० पौंड शिसे लागले असेल. गोळ्या थोड्या लहान असतील तर आणखी कमी. म्हणजे चार हजार पौंडांतील हजारभर पौंड या यादीत नाहीत. त्यांतील काही भाग राजनिष्ठांनी वाटेत पळवून लपवला. पुतळ्याचे तुकडे कनेक्टिकटमधील विल्टन गावाच्या परिसरात पुढे सापडत राहिले. ‘पुतळ्याच्या गोळ्या झाल्या’ हे वाक्य इतके सरळ नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. यादी गोळ्यांची नाही, काडतुसांची आहे. काडतूस म्हणजे गोळी, दारू आणि त्यांना बांधणारी कागदाची पुरचुंडी. ओतण्याचे काम यात स्वतंत्र मोजलेलेच नाही. कढईवर कोण उभे राहिले, पळी कोणी धरली, साचा काजळून पुन्हा कोणी तापवला, पहिल्या काही सुरकुतलेल्या गोळ्या परत वितळायला कोणी टाकल्या, याची नोंद नाही. शिशाचा धूर कोणाच्या छातीत गेला, याचीही नाही. मिनिटाला एक काडतूस असा हिशेब धरला तरी एकट्या रूथ मार्विनचे काम १९३ तासांचे होते, आणि तेही ओतणे वगळून.

काहीजण म्हणतील की एवढ्या मोठ्या क्रांतीत साच्याची काजळी ती काय! पण पुतळा पाडण्याचा प्रसंग आपल्याला ज्या थाटात आठवतो, तो थाटही कोणीतरी घडवलेला आहे. योहानेस ओर्टेल याने १८५०च्या दशकात त्या प्रसंगाचे प्रसिद्ध चित्र काढले: दोर, मशाली, जमाव, कलंडणारा घोडा. लिचफील्डच्या अंगणातील कढई त्या चित्रात नाही, तशीच ती बहुतेक पुस्तकांतही नाही. जमावाचे काम एका संध्याकाळचे होते, कढईचे काम आठवड्यांचे. आपण मात्र सगळी शब्दसंपत्ती संध्याकाळीवर उधळतो आणि त्यानंतरच्या कामासाठी ‘मग गोळ्या ओतल्या’ एवढे तीन शब्द ठेवतो. त्या तीन शब्दांत आजचे तेल घुसते ते यामुळेच. जिथे तपशील नसतो तिथे कोणतीही गोष्ट खपून जाते.

शिवाय तपशील हा पुरावा असतो. रणभूमीवर सापडणाऱ्या गोळ्यांवर ओतकामाच्या खुणा राहतात: दोन पाख्यांच्या जोडाची रेघ, वरचा देठ तोडल्याचा वण, थंड साच्याने पडलेल्या सुरकुत्या. या खुणांवरून साचा कसा होता आणि काम घाईचे होते की निवांत, याचे अंदाज बांधता येतात. न्यू जर्सीतील मॉनमथ येथे १७७८ मध्ये लढाई झाली. तेथे मिळालेल्या गोळ्यांतील धातूची तुलना पुतळ्याच्या उरलेल्या तुकड्यांशी करण्यापर्यंत संशोधकांची मजल गेली आहे. साचा कसा वागतो हे ज्याला ठाऊक नाही त्याला सुरकुतलेली गोळी म्हणजे फक्त एक खराब गोळी.

वोल्कॉटांच्या टाचणांत प्रत्येकाच्या नावापुढे बहुधा दोन हिशेब आहेत, पहिला आणि दुसरा. रूथ मार्विनने पहिल्या वेळी ३,४५६ केली आणि दुसऱ्या वेळी ८,१३६. मेरी अ‍ॅनने ५,७६२ आणि मग ५,०२८. फ्रेडरिक तेव्हा दहा वर्षांचाही नव्हता; त्याने पहिल्या वेळी ७०८ केली आणि दुसऱ्या वेळी २२८. घोड्याचे शेपूट मात्र कोणाच्याच कढईत गेले नाही. ते न्यूयॉर्कच्या ऐतिहासिक संस्थेच्या संग्रहात आहे.