स्कूटर आली दारात, पण चार्जिंग कुठं? परभणीला महागड्या स्टेशनइतकीच साध्या सॉकेटची गरज

परभणी : गंगाखेड, पाथरी, सेलू किंवा जिंतूर, कुठूनही परभणी गाठायची म्हटलं की साधारण ४० किलोमीटर किंवा थोडं जास्तच. म्हणजे जाऊन-येऊन ८० ते ९०. तीन युनिट बॅटरीची इलेक्ट्रिक स्कूटर आपल्या रस्त्यांवर, मागे माणूस आणि पुढं पिशवी घेऊन, जेमतेम एवढीच पळते. घरी रात्री चार्जिंग होतंच, त्याची चिंता नाही. परत येताना झरी नाहीतर पोखर्णीजवळ बॅटरी दहा टक्क्यांवर आली की मग घाम फुटतो.

सरकारी योजनांचा जोर आहे तो महामार्गावर. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात राष्ट्रीय महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय ठरवली आहे. केंद्रानं २०२३ मध्ये पेट्रोल पंपांवर ७,४३२ फास्ट चार्जर बसवायला तेल कंपन्यांना ८०० कोटी रुपये मंजूर केले. चांगली गोष्ट आहे, पण फास्ट चार्जर म्हणजे मुख्यतः कारसाठी. कारचा जाड प्लग स्कूटरला बसत नाही. शिवाय स्कूटर कंपन्यांचे प्लगही एकसारखे नाहीत. त्यामुळे नकाशावर चार्जर दिसला म्हणून निघू नका, तो तुमच्या गाडीला चालतो का ते आधी पाहा.

आपल्याकडं गाड्या कोणत्या वाढणार? स्कूटर आणि तीनचाकी. त्यांना लागतं काय? स्कूटरसोबत येणारा साधा चार्जर बहुधा ७००-८०० वॅटचा असतो, इस्त्रीपेक्षाही कमी. अशा तीन स्कूटर एकाच वेळी लावल्या तरी तीन एचपीच्या एका मोटारीएवढाच लोड. आणि तालुक्याहून आलेल्या माणसाची गाडी जिल्हा परिषद, मोंढा, कृषी विद्यापीठ, दवाखाना अशा ठिकाणी तीन-चार तास उभीच असते. तेवढ्या वेळात दोन-अडीच युनिट भरतात, परतीचा प्रवास निघतो. म्हणजे लाखोंच्या यंत्राआधी सावलीतल्या वाहनतळावर मीटर लावलेले दहा-बारा सॉकेट हवेत. (सावली मुद्दाम म्हटलं. परभणीच्या मे महिन्यात उन्हात तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावणं बरं नाही.)

हे काम फक्त सरकारनंच करावं असंही नाही. चार्जिंग स्टेशन चालवायला वीज विक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. सुरक्षेचे नियम पाळावे लागतात, एवढंच. हॉटेलवाला, गॅरेजवाला, बचत गट, कुणीही सुरू करू शकतो. महावितरणच्या दरपत्रकात त्यासाठी वेगळा वर्ग आहे. ग्राहक हक्क नियमांतल्या २०२४ च्या दुरुस्तीनं चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा अधिकारही दिला. नव्या जोडणीची मुदत शहरी पालिका हद्दीत ७ दिवस, ग्रामीण भागात १५ दिवस. नवी लाईन किंवा खांब टाकायचा असेल तर मात्र जास्त वेळ लागतो.

एक सावधगिरी. शेतातल्या मोटारीच्या जोडणीवर गाडी चार्ज करायचा मोह होतो, कारण तिथला दर कमी. पण ज्या कामासाठी जोडणी दिली त्याशिवाय वापर केला तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होऊ शकते. घरच्या मीटरवर स्वतःची गाडी लावायला मात्र हरकत नाही.

खरी अडचण गावातल्या डीपीची आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतं, पंखेसुद्धा रांगत फिरतात. त्यात पन्नास घरांनी सातलाच स्कूटर लावली तर डीपीवर ताण येणारच. रात्री अकरानंतर लावणं हा त्यावरचा साधा उपाय, पण डीपीची क्षमता वाढवायची मागणी आत्ताच ग्रामसभेच्या ठरावात घेऊन महावितरणच्या उपविभागाकडे लेखी द्यायला हवी. डीपी जळाल्यावर बदलून मिळायला किती दिवस जातात, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.