म्हातारीला बाजूला घ्या

गेल्या मोसमात शिरगावातल्या एका हळदीत नवरीचा भाऊ माझ्या कानाशी ओरडला, "दादा, त्या म्हातारीला बाजूला घ्या ना, फ्रेम खराब होतेय!" म्हातारी म्हणजे धवलारीण, त्याचीच आत्याआजी. धवला, म्हणजे लग्नाची गाणी, गात हळदीचे विधी लावायला आलेली. तिचा आवाज डीजेने केव्हाच गिळला होता, आता ती दिसायलाही नको होती. मी कॅमेरा वळवला. ॲडव्हान्स घेतलेला माणूस काय तत्त्व सांगणार?

तेव्हा 'फोटोवाल्यांनी लग्नाचा तमाशा केला' हे मला ऐकवू नका. मंगलाष्टकांच्या वेळी पाहुण्यांना अंतरपाटाऐवजी आमच्या पाठी दिसतात, कबूल. पण ड्रोन कोणी मागितला? अक्षता पडून गेल्यावर "हार परत घाला, स्लो मोशन नीट आलं नाही" म्हणणारी करवली माझ्या घरची नव्हती. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 सांगतं की, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा. मालक तुम्ही, मी भाड्याचा डोळा.

पूर्वी रोलमध्ये 36 फोटो असायचे. दहाबारा माणसं एका फोटोत कोंबल्याशिवाय परवडायचंच नाही. त्यामुळे रुसलेला मामा, शेजारीण, कुणाचं तरी शेंबडं पोर, सगळे आपोआप यायचे. आता चार हजार क्लिक आणि अल्बमभर नवरा-नवरी, मेंदीचा हात, पुन्हा नवरा-नवरी, बदलापूरजवळच्या कोंडेश्वरला पाण्यात भिजलेले नवरा-नवरी, आणि दोन पानांवर पसरलेली नवरीची सँडल!

26 जुलै 2005 ला उल्हास नदी बदलापुरात घुसली, घराघरांतल्या अल्बमांचा लगदा झाला. त्यानंतर लोक निगेटिव्ह शोधत माझ्या दुकानात आले. "आमच्या आईचा एखादा असेल बघा," म्हणायचे. सँडल कुणी मागितली नाही.

धवलारीण पावसाळ्यात गेली. त्याच भावाचा फोन आला: "दादा, आत्याआजीचा एखादा चांगला फोटो द्या ना, श्रद्धांजलीच्या बॅनरला पाहिजे." चार हजारांत एक सापडला. अर्धा चेहरा, पुढे नवरीचा खांदा. रात्रभर बसून खांदा पुसला, उरलेला गाल अंदाजाने रंगवला.

फोटो पाहून त्याने विचारलं, "मागे ढग टाकता येतील का?"